शुद्धिपत्रात राहिलेली चूक

साताऱ्यातल्या एका छापखान्यात मी उभी हयात मुद्रितशोधक म्हणून काढली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा तो धंदा. नव्वदीच्या दशकात आमच्या छापखान्यानं एक कॅलेंडर काढलं होतं आणि त्याच्यामागून पोस्टकार्डाएवढं एक शुद्धिपत्र घरोघर वाटलं होतं. त्या शुद्धिपत्रातला एक शब्द चुकीचा आहे. जुळणी माझ्यासमोर झाली, प्रूफ मी वाचलं, आणि चूक दिसत असताना तो शब्द जाऊ दिला. त्या शब्दाचा भार ज्या बाईंवर पडला, त्या आज सांगलीत निवृत्त आहेत. मी ऐंशीच्या पुढं गेलो आहे. म्हणून हे लिहितो आहे.

पण त्याआधी संगणकाच्या काळ्या पडद्यावर मी काय पाहिलं ते सांगायला हवं. ते पाहून मी जसा थक्क झालो तसा पुन्हा कशानं झालो नाही.

कॅलेंडरची कल्पना मालकांची. ते कोरेगावकडचे, बोलायला रोखठोक. संकष्टीला बायका दिवसभर उपास करतात आणि रात्री चंद्र उगवला की त्याला ओवाळून जेवतात. त्या चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात बघतात, आणि कॅलेंडरं सगळी मोठ्या शहरांची.

"पुण्या-मुंबईचा चंद्र आमच्या बायकांनी का म्हून बघायचा?" मालक म्हणाले. "साताऱ्याचा येगळा, सांगलीचा येगळा, विट्याचा येगळा छापू. लय खपंल."

ह्या वेळा काढायला मिळाल्या त्या बाई. सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या, वय पस्तिशीचं. चंद्राचा उदय काढणारा एक प्रोग्राम त्यांनी निव्वळ आवडीनं लिहिला होता. मोबदला काय घेणार, असं मालकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कॅलेंडरावर खाली एक ओळ छापा. चंद्रोदयाचं गणित अमुक बाईंचं, एवढंच." त्यांच्या घराण्यात पंचांगाचं गणित चालत आलेलं होतं. आजोबांचं नाव छापलं जायचं, काकांचं छापलं जायचं. मुलीचं कधी नाही. मालकांनी लगेच कबूल केलं.

छापखान्यात तेव्हा एकच संगणक होता आणि तो हाताळायला माझ्याखेरीज कुणी तयार नव्हतं. एका रविवारी बाई फ्लॉपी घेऊन आल्या, प्रोग्राम उतरवला आणि मला समोर बसवलं.

"काका, मी सांगलीत बसून ह्यात दुरुस्त्या करत राहणार. दर वेळी सगळा प्रोग्राम पाठवायचा नाही. फक्त फरक पाठवायचा. ह्याला पॅच म्हणतात. ठिगळ म्हणा हवं तर."

त्यांनी ती फरकाची फाइल उघडून दाखवली. काही ओळींच्या आधी वजाचं चिन्ह, काहींच्या आधी अधिकचं, आणि काहींच्या आधी काहीच नाही.

"वजाची ओळ जाणार, अधिकची येणार," त्या म्हणाल्या.

"आणि ह्या बिनचिन्हाच्या?"

"त्या शेजारच्या. त्यांना हात लावायचा नाही. घर सापडावं म्हणून शेजार सांगतो ना आपण, पिठाच्या गिरणीच्या पलीकडं, तसं."

मग त्यांनी एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर एक ओळ उमटली आणि काम संपलं. मी प्रोग्राम उघडून पाहिला. दुरुस्ती जिथल्या तिथं बसलेली. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "आता काढून दाखवते." तीच आज्ञा, मध्ये फक्त एक आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर जास्त. दुरुस्ती गेली. आधी बाजूला ठेवलेल्या प्रतीशी त्यांनी यंत्राकडूनच ताडून घेतलं. दोन्हींत काही फरक नाही, असं यंत्र म्हणालं.

हे वाचणाऱ्याला त्यात काय मोठं, असं वाटेल. ज्यानं शिशाच्या खिळ्यांवर, एकेक अक्षर हातानं जुळवत, काम केलं आहे त्याला विचारा. जुळवलेल्या ओळीत एक शब्द घालायचा तर अख्खी ओळ सोडवावी लागते, कधी परिच्छेद. आणि तो शब्द काढून पहिल्यासारखं करा म्हटलं, तर पहिल्यासारखं कधीच होत नाही. शब्दांमधल्या फटी बदलतात, एखादा खिळा झिजलेला निघतो, एखादा हातातून सांडतो. तीस वर्षं मी हेच बघत आलो होतो. इथं दुरुस्ती आली, गेली, आणि कुठं ओरखडाही नाही. त्या दिवशी घरी जाताना राजवाड्यापाशी मी उगाच थोडा वेळ उभा राहिलो. कुणाला सांगावं तर सांगता येईना.

नंतरचा प्रकार तर त्याहून वरचा. हस्तलिखितावर 'श्री' नसेल तर मी ते जुळणीला देत नसे. ही आमच्या छापखान्याची जुनी रीत. म्हणून बाई गेल्यावर मी प्रोग्रामच्या डोक्यावर तीन ओळींत गणपतीला नमस्कार टाइप केला. इंग्रजी अक्षरांत, दुसरी नव्हतीच. प्रोग्राम चालेना. सांगलीला फोन लावला.

"काका, तुम्ही काही बदललंत?"

"नाही. फक्त श्री घातला."

पलीकडून बराच वेळ हसू ऐकू आलं. "राहू दे गणपती. पण त्याच्या दोन्ही बाजूंना मी सांगते ती चिन्हं घाला. मग यंत्र तिकडं बघणार नाही."

तसं केलं. काही दिवसांनी त्यांचा दुसरा बदल आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या प्रोग्रामात गणपती नाही. माझ्याकडची प्रत्येक ओळ तीन ओळी खाली सरकलेली आहे, आणि त्यांच्या फरकात तर ओळींचे आकडे घातलेले आहेत. आता हे ठिगळ भलतीकडं बसणार. मी जीव मुठीत धरून आज्ञा दिली. यंत्रानं कळवलं, बदल लागला, तीन ओळी खाली. त्यानं आकडा बघितला, तिथं शेजार जुळला नाही, म्हणून पुढं चालत गेलं आणि शेजारच्या ओळी ओळखून बरोबर दारात उभं राहिलं. मी खुर्चीतून उठलो आणि पडद्याला हात जोडले. जुळारी हसले. हसू देत.

फ्लॉपी यायच्या त्या एसटीनं. लग्नपत्रिकेच्या दोन पुठ्ठ्यांत बांधून बाई सांगली स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरकडं द्यायच्या आणि मी सातारा स्टँडवरून घेऊन यायचो. श्रावणात तिसरा बदल आला. हा महत्त्वाचा होता. तोवर प्रोग्राम स्थानिक वेळ सांगायचा, म्हणजे आपल्या गावात सूर्य डोक्यावर आला की बारा. आपलं घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एक. साताऱ्यात हा फरक अर्ध्या तासाहून थोडा जास्त पडतो. तिसऱ्या बदलानं तो मिळवला जायचा आणि वेळ घड्याळाची व्हायची. मी तो लावला, साताऱ्याची एक वेळ काढून बाईंना फोनवर वाचून दाखवली. "बरोबर," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी पाऊस हटेना. महाबळेश्वराकडून येणारी ओल छापखान्यात कागदाच्या थप्प्यांपर्यंत शिरली होती. अशा हवेत फ्लॉपीला बुरशी येते, म्हणून बाईंनी आपण होऊन आणखी एक प्रत पाठवली. आमच्याकडं असावी म्हणून. वर त्यांच्या अक्षरात तेच लिहिलेलं, बदल तीन.

मला तेव्हा बुरशीचं काही माहीत नव्हतं. मला धंद्याची रीत माहीत होती. लेखकाकडून तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा आली तर त्याचा अर्थ एकच, पहिल्यांदा ती झाली नव्हती. तिथं वाद घालायचा नाही, फोन करून विचारायचं नाही, मुकाट करून टाकायची. ह्या रीतीनं मला कित्येकदा वाचवलं होतं. मी फ्लॉपी घातली आणि आज्ञा दिली.

ह्या वेळी यंत्रानं मला प्रश्न विचारला. हा बदल उलटा आहे किंवा आधीच लावलेला आहे असं दिसतं, उलटा धरून पुढं जाऊ का? शेजारी चौकटी कंसात 'नाही'चं अक्षर होतं. म्हणजे मी काहीच न लिहिता पुढची कळ दाबली असती, तरी यंत्रानं नाही असंच धरलं असतं. ते मला सावरून घ्यायला तयार होतं. पण तोवर माझा त्याच्यावर इतका विश्वास बसला होता की ते ज्या अर्थी विचारतंय त्या अर्थी तेच योग्य असणार, असं मला वाटलं. मी 'हो'चं अक्षर दाबलं. ठिगळ निघालं. मला वाटलं लागलं.

त्याच प्रोग्रामातून वर्षाच्या सगळ्या संकष्ट्यांच्या वेळा काढल्या, पाच गावांच्या. जुळणी झाल्यावर मी प्रत्येक आकडा प्रिंटशी ताडून पाहिला. एकही अंक चुकला नव्हता. चंद्राशी ताडून बघायचं मला सुचलं नाही. कॅलेंडर छापलं, खाली बाईंच्या नावाची ओळ आली. दिवाळीनंतर त्या स्वतः पाच प्रती घेऊन गेल्या. एक आजोबांच्या तसबिरीशेजारी लावणार म्हणाल्या.

नव्या वर्षाची पहिली संकष्टी. थंडी मी म्हणत होती. छापलेल्या वेळेला बायको ओवाळायचं ताट घेऊन गच्चीवर आली, मी मागं घड्याळ घेऊन. शेजारच्या गच्च्यांवरही बायका आल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींच्या भिंतीवर आमचंच कॅलेंडर होतं. पूर्वेला जरंड्याचा डोंगर.

"जरंड्याच्या आड असंल," कुणीतरी म्हणालं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. निरांजन विझलं, पुन्हा लावलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुमचा चंद्रही एसटीनं येतो का?"

सगळ्या गच्च्या हसल्या. मी हसलो नाही. पंधरा मिनिटांनंतर हसणंही थांबलं. काही जणी खाली जाऊन जेवल्या. मी तिथंच उभा. आणि मग अर्ध्या तासाच्या वर होऊन गेल्यावर जरंड्याच्या माथ्यावर उजेड आला आणि तांबूस, एका बाजूनं खाल्लेला चंद्र सावकाश वर चढला. त्याला कशाची घाई नव्हती. तो त्याच्या वेळेवर आला होता. त्याच क्षणी मला यंत्राचा तो प्रश्न आठवला, आणि आपण काय केलं ते कळलं.

सकाळी मालक माझ्याआधी येऊन बसले होते. "माझी आई कॅलेंडर बघून जेवली," ते म्हणाले, "आन् आचवून उठली तवा चंद्र उगवला. ल्हानपणापासनं म्हातारीचा उपास मोडला न्हवता. रात्रीपासनं ती माझ्याशी बोलंना झालीय." त्यांनी सांगलीला फोन लावला. "बाई, तुमचं गणित चुकलंय. सांगलीचं न्हाई म्हाईत, साताऱ्यात चुकलंय."

पलीकडून बाईंनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मालकांनी छापलेली वेळ वाचून दाखवली आणि रिसीव्हर माझ्याकडं दिला. स्वतः शेजारीच उभे राहिले.

"काका," बाईंचा आवाज अगदी शांत होता, "तिसरा बदल परत लावून बघा. मी थांबते."

मी संगणकाशी गेलो, आज्ञा दिली, परत आलो. "लागला."

"काही विचारलं का त्यानं?"

"नाही. सरळ लागला."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तो तिथं नव्हता. तुम्ही तर लावला होता. मला वेळ वाचून दाखवली होतीत. मग काढला कुणी?"

मालक माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "बघतो."

एवढंच बोललो. बाई म्हणाल्या, "बरं," आणि मग नव्या वेळा वाचून घेतल्या.

त्या एका आज्ञेनं पाच गावांचे वर्षभराचे चंद्र जागच्या जागी गेले होते. मी केलेली चूक यंत्रानं अशी पुसली की ती झाली होती ह्याची खूणही उरली नाही. तेव्हाही, त्या लाजेतसुद्धा, मला त्याचं नवल वाटलं. आणि खूण उरली नाही हे माझ्या पथ्यावरही पडलं.

मालकांनी शुद्धिपत्राचा मजकूर उभ्या उभ्या सांगितला. 'गणितातील चुकीमुळे चंद्रोदयाच्या वेळा चुकीच्या छापल्या गेल्या आहेत. त्याऐवजी पुढील वेळा धराव्यात.' प्रूफ माझ्यापुढं आलं. 'गणितातील' ह्या शब्दापाशी माझी पेन्सिल थांबली. समासात एक खूण करायची होती. मी खालच्या वेळा तपासल्या, एका ठिकाणचा पूर्णविराम नीट केला आणि छापायला दिलं.

पुढच्या संकष्टीला मी शुद्धिपत्र हातात धरून गच्चीवर उभा होतो. शेजारणी वर आल्या नव्हत्या, चंद्र दिसला की हाक मारा म्हणाल्या होत्या. दिलेली वेळ झाली. जरंड्यानं त्याची चार-पाच मिनिटं घेतली, आणि चंद्र आला. सांगलीतल्या एका खोलीत बसून एका बाईनं ज्याचा पत्ता लिहिला होता, तो बरोबर त्या पत्त्यावर आला. मी बायकोला म्हणालो, "ताट आण."

पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात बाईंच्या नावाची ओळ नव्हती. तिथं पाण्याच्या मोटारींच्या दुकानाची जाहिरात होती. वेळा मात्र त्याच प्रोग्रामच्या होत्या, मीच काढलेल्या, आणि त्या कधी चुकल्या नाहीत. छापखाना बंद होईपर्यंत लोक मला म्हणायचे, तुमच्या कॅलेंडरचा चंद्र लय बरोबर येतो. मी ऐकून घ्यायचो.

मालक गेले, त्यांच्या आई त्याआधीच गेल्या. ज्यांना सांगायचं त्यांच्यापैकी एकच जण उरलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी सांगलीला गेलो. बाईंनी दार उघडलं, ओळखलं, आत बसवलं. चहा आणि भडंग समोर ठेवलं. मी सगळं सांगितलं, दुसरी फ्लॉपी, यंत्राचा प्रश्न, माझं उत्तर. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, काका. न विचारता लागला म्हणालात तेव्हाच. दुसरी फ्लॉपी मीच पाठवलेली. ती पोचल्यावर दुसरं काय होणार होतं?"

"मग मालकांना सांगितलं का नाही?"

"ते तुमच्या शेजारी उभे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता मला. म्हटलं, तुम्हीच सांगाल. मग पुढचं कॅलेंडर येईपर्यंत वाट बघितली."

त्यांनी भडंगाची बशी माझ्याकडं सरकवली.

"कॉलेजात कुणीतरी ते शुद्धिपत्र स्टाफरूमच्या फळ्याला टाचलं होतं. वर्षभर चाललं मग. बाई, आज चंद्र किती वाजता सोडताय? हसायचे. मीही हसायचे. माझ्या वडिलांनी मात्र ते वाचलं आणि माझी वही मागितली. अख्खं गणित पुन्हा करून पाहिलं. चूक सापडेना तर म्हणाले, माझं वय झालं, मला आता दिसत नाही. ते तसंच समजून गेले."

मी म्हणालो, मी हे लिहिणार आहे, तुमच्या नावानिशी.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "आता कशाला? पण तो शब्द तेवढा दुरुस्त करा."

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, "तो गणपती अजून आहे का हो प्रोग्रामात?" मी म्हणालो, शेवटपर्यंत होता, तीन ओळींत.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे करतो. ज्यांच्या घरी जुन्या कागदांत ते शुद्धिपत्र अजून असेल, त्यांनी त्यात पहिल्या ओळीत 'गणितातील चुकीमुळे' असं छापलं आहे तिथं 'मुद्रितशोधकाच्या चुकीमुळे' असं वाचावं. गणितात चूक नव्हती.